सतराची रजा

शिफ्ट सुटली की ते गेटच्या साखळीवर डावा हात ठेवून उभे राहायचे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसामागे उजव्या हाताचं एक बोट मिटायचं. पाच मिटली की मूठ मांडीवर आपटायची, पुन्हा उघडायची. सगळे गेले, रस्त्यावरची धूळ खाली बसली, तरी साखळी ओढायच्या आधी माझ्या खिडकीकडे मान वळवून ते विचारायचे, "म्याडम, शेवटची होडी लागली काय?"

मी हजेरीपत्रक बघून "लागली" म्हटलं की गेट बंद. "एक बाकी आहे" म्हटलं की गेट उघडं. मागे साहेबांची गाडी हॉर्न वाजवत उभी असली तरी उघडं.

कुंभवलीच्या बाजूने जे औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, त्यांनी गेटवरचे पुष्कळ वॉचमन पाहिले असतील. खुर्चीत झोपणारे, मोबाईल बघणारे, साहेबाची गाडी दिसली की ताठ होणारे. हे त्यांतले नव्हते. आमच्याकडे येण्याआधी ते फौजेत होते, आणि फौजेच्या आधी घिवलीच्या किनाऱ्यावर. हंगामाच्या पहिल्या फेरीला आळीतल्या सगळ्या होड्या एकत्र निघतात. परतल्यावर नारळ फुटतो, पण शेवटची होडी लागल्याशिवाय तो कोणी फोडायचा नाही, अशी त्यांच्या आळीची रीत. तुमची होडी सकाळीच मासळीने भरून आली असली तरी नारळ हातात धरून बसायचं. ती रीत त्यांनी आमच्या गेटला लावली होती.

मी टाईम ऑफिसला असते. गेटला लागून असलेली दहा बाय बाराची खोली, एक खिडकी आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. हजेरी, गेटपास, रजेचे अर्ज ही माझी कामं. अशा खोलीत सत्तावीस वर्षं बसलं की माणसं कशी येतात आणि कशी जातात एवढंच कळतं, पण ते नीट कळतं. आमच्या या वॉचमनचं नाव मी इथे लिहिणार नाही. कारण शेवटी सांगते.

उत्तरेकडचे कामगार त्यांना "मेजरसाब" म्हणत. ते प्रत्येक वेळी फौजेतला आपला खरा हुद्दा सांगून दुरुस्त करत, "मेजर नाय. नाईक." कामगार दुसऱ्या दिवशी पुन्हा "मेजरसाब" म्हणत. एकदा मी म्हटलं, म्हणू द्या हो, तेवढाच मान. ते म्हणाले, "मेजर असतो तर गेटवर डबे उघडून बघत बसलो असतो काय? ज्याची जागा त्याला. मेजरला मेजरची, मला माजी."

मी नवीन असतानाची गोष्ट. नोव्हेंबरात त्यांनी रजेचा अर्ज खिडकीतून आत सरकवला. तारीख सतरा डिसेंबर, दिवस एक, कारण: खुलना. मला वाटलं गुजरातकडचं एखादं गाव असेल, तिथे कोणाचं लग्न असेल. मी अर्ज परत सरकवला आणि कारण नीट लिहा म्हटलं.

"नीटच हाय," ते म्हणाले. "शहर हाय ते. आमी सोडवलं."

बांगलादेशाच्या लढाईतलं, असं त्यांनी पुढे सांगितलं. मी शाळेत इतिहासात चांगले मार्क मिळवलेली मुलगी. युद्ध सोळा डिसेंबरला संपलं हे मला पाठ होतं. आपल्या हुशारीवर खूश होऊन मी माझ्याच पेनाने त्यांच्या अर्जावर सतराचं सोळा केलं आणि सांगितलं, तुमची तारीख चुकली आहे, सोळाला जा.

त्यांनी अर्ज उचलला. खोडलेल्या आकड्याकडे बघितलं. मग त्याचे सारखे चार तुकडे केले, ते खिशात ठेवले आणि नवा कागद मागितला. त्यावर पुन्हा तेच लिहिलं. सतरा. खुलना.

"तुमचं सोळाला संपलं, म्याडम. आमचं सतराला."

वर्षातली ती त्यांची एकच रजा. दिवाळीला नाही, गणपतीला नाही, मुलीच्या साखरपुड्याला अर्धा दिवस. सोळा डिसेंबरला कोणी त्यांना हार घालायला आलं की ते गेटवर ड्यूटी आहे म्हणून सांगायचे. कंपनीने एकदा त्या दिवशी पेढे वाटले. त्यांनी आपला पेढा कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी रजा, म्हणून तो अठराला मुंग्यांनी खाल्ला.

त्यांच्या मोजणीचा आम्हाला त्रासही होता, ते लपवत नाही. एकदा दुपारी प्लांटमध्ये वास सुटला, भोंगा वाजला आणि सगळे मैदानात जमले. सुपरवायझरने यादी वाचली, सगळे हजर. मोठे साहेब उन्हात टाय सैल करून उभे होते, त्यांना आत जायचं होतं. हे म्हणाले, एक कमी हाय. सुपरवायझर म्हणाला, यादी पूर्ण आहे. हे म्हणाले, "यादी तुमची हाय. गेट माजं हाय." सकाळी त्यांनी जितकी बोटं मिटली होती त्यात एक जास्त होतं. ठेकेदाराने त्या दिवशी कँटीनला बदली म्हणून आणलेली एक बाई होती, कोणत्याच यादीत नसलेली. तोंडाला ओला रुमाल बांधून हे स्वतः आत गेले आणि तिला घेऊन आले. भांडी घासायच्या नळाखाली पाण्याच्या आवाजात तिला भोंगा ऐकूच आला नव्हता. बाहेर आल्यावर तिची तक्रार एकच, भांडी अर्धी राहिली. त्या दिवसापासून बदलीच्या बायकांची नावं मी वेगळ्या वहीत लिहायला लागले. मला कोणी सांगितलं नव्हतं.

खुलनाची गोष्ट त्यांनी सलग कधी सांगितली नाही. साखळी हातात धरून, कोणाची तरी वाट बघताना, दोन-दोन वाक्यांनी सांगितली. कितीतरी वर्षं लागली. मी ती जोडून लिहिते आहे.

नदीवर नावा चालवणाऱ्या तुकडीत ते होते. तिथली नदी बघून पंजाबकडचे जवान चक्रावले, कारण पाणी सकाळी एकीकडे जायचं आणि दुपारी उलटीकडे. ह्यांना काहीच वाटलं नाही. समुद्र जवळ असला की पाण्याला भरती-ओहोटी असतेच, आमच्या खाडीसारखीच होती म्हणाले, फक्त पलीकडचा काठ लांब. त्यांच्याच नावेवर लाडक्या होता. हा डोंगरातला, जव्हारकडच्या एका पाड्यावरचा वारली. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी उतरण उतरणाऱ्या माणसांतला. पाण्याची त्याला एवढी भीती की नावेत चढला की तळाला बसायचा, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरायचा आणि काठ लागेपर्यंत सोडायचा नाही. हे त्याला चिडवायचे, कडा सोड रे, नाव काय उडून जात नाय. तो म्हणायचा, तू तुजं वल्हव.

सोळाला संध्याकाळी रेडिओवर ढाक्याची बातमी आली. युद्ध संपलं. लोकांनी टोप्या उडवल्या, एकमेकांना उचललं. पण खुलनाच्या वेशीवर शत्रू बसला होता, आणि तो काही आमचा रेडिओ ऐकत नव्हता.

सतराला उजाडताना पलीकडच्या काठावरून निरोप आला की दोन जखमी आहेत. नाव काढली. ह्यांनी पाणी बघितलं, उलटायला थोडा वेळ होता, थांबलो तर झाडीच्या आडून जाता येईल म्हणाले. लाडक्याला घाई होती. जखमींतला एक त्याच्या ओळखीचा होता. तो म्हणाला, रेडिओनं सांगितलं ना संपली म्हणून, आता कोण मारतो? ह्यांनाही ते पटलं. ही चूक ते स्वतःच्या तोंडाने कबूल करायचे. "घिवलीचा असून शेवटची होडी लागायच्या आधी मी नारळ फुटला समजलो."

अर्ध्या नदीत लाडक्याने कडा सोडल्या. तळावरून उठला. पहिल्यांदाच नावेत उभा राहिला, हात पसरून, आणि हसून म्हणाला, "बघ, उभा हाय मी."

गोळी कुठून आली ते कळलं नाही.

ह्यांनी नाव फिरवली नाही. पलीकडे नेली, दोन्ही जखमींना घेतलं, लाडक्याच्या शेजारी निजवलं आणि परत आणली. ते दोघे जगले. दुपारी शहर सुटलं.

शहर सुटताना कसं दिसतं, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "दिसत नाय. ऐकू येतं." आधी सगळं गप्प होतं. मग एका घराच्या आतून कडी वाजली. मग दुसऱ्या. मग गल्लीभर कड्या निघायला लागल्या आणि दारं बोटभर उघडून त्यातून डोळे दिसायला लागले. मग माणसं. वाळलेली, दाढ्या वाढलेली, महिनोन्महिने आत कोंडलेली. एका म्हातारीने ह्यांची बाही धरली आणि एक फर्लांगभर सोडलीच नाही, सोबत चालत राहिली. बाया शहाळी घेऊन आल्या. हातात पैसा नाही, घरात तांदूळ नाही, पण झाडाला शहाळी होती. ह्यांच्याही हातात एकीने तोंड तासलेलं शहाळं दिलं. सगळ्यांनी प्यायली. ह्यांनी ते नावेवर नेलं, लाडक्याच्या उशाला ठेवलं.

"प्यायलो नाय. आमची होडी लागली नव्हती."

एवढं सांगून झाल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, म्याडम, आता कळलं सतरा का? मी म्हटलं कळलं. त्यानंतर दर नोव्हेंबरात सतराचा अर्ज मी स्वतःच लिहून ठेवायची, ते फक्त सही करायचे.

लढाईला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी बोईसरच्या नाक्यावर फलक उभारायचं ठरलं. एक समिती झाली. समितीचे दोघे गेटवर आले तेव्हा ह्यांनी त्यांच्यापुढे भेटणाऱ्यांची वही सरकवली.

"कोणाला भेटायचं?"

"काका, तुम्हालाच."

"मग माजं नाव लिवा. कारण?"

"सत्कार."

"ते काम आतलं हाय की बाहेरचं?"

मी खिडकीतून ऐकत होते, हसू दाबणं कठीण झालं. पण पुढचं बोलणं हसण्यासारखं नव्हतं. काळ्या दगडाचा फलक तयार झाला होता. परिसरातून त्या लढाईत लढलेल्या नऊ जणांची नावं कोरून झाली होती, त्यात ह्यांचं शेवटचं. ह्यांनी विचारलं, लाडक्या कुठाय? त्यांना लाडक्या माहीत नव्हता. ह्यांनी सांगितलं. समितीचे प्रमुख म्हणाले, जव्हारकडचा म्हणजे आपल्या भागातला नाही. ह्यांनी सांगितलं, भरती व्हायच्या आधी दोन वर्षं तो इथेच रस्त्याच्या खडीवर होता, या नाक्याच्या खडीतली अर्धी त्याच्या पाटीतली असेल. प्रमुख म्हणाले, कागद आणा.

कागद होता. लाडक्याच्या बहिणीकडे पत्र्याच्या डब्यात फौजेचं पत्र होतं, ते हे जाऊन घेऊन आले. मी त्याची झेरॉक्स काढून समितीला नेऊन दिली. प्रमुखांनी ते वाचलं आणि बोट तारखेवर ठेवलं. सतरा डिसेंबर. म्हणाले, अहो बाई, फलकावर वर मोठ्या अक्षरांत सोळा डिसेंबर आहे. खाली एका ओळीत सतरा आलं तर लोक म्हणतील कारागिराची चूक झाली. आणि खरं सांगायचं तर युद्ध संपल्यानंतर गेला म्हणजे तो अपघातच की. पुढच्या वेळी बघू.

हे मी गेटवर येऊन सांगितलं. ते साखळीशी उभे होते.

"अपघात?" एवढंच म्हणाले. मग, "तोपर्यंत माजं नाव नको त्यांना सांगा."

मी सांगितलं. समितीने कळवलं, कोरून झालंय, आता कसं काढणार.

पंधरा डिसेंबरला सकाळी ते माझ्याकडे आले आणि स्टोअरमधून लांबी हवी म्हणाले. लोखंडाच्या भेगा बुजवायला दोन गोळ्या एकत्र मळून लावतात ती लांबी, वाळली की दगड. मी विचारलं, कशाला? म्हणाले, गेटच्या खांबाला भेग पडली हाय. गेटच्या खांबाला भेग नव्हती. मला रोज तो खांब दिसतो. मी चिठ्ठीवर सही केली. काळ्या रंगाचा एक छोटा डबाही लिहून दिला, तो त्यांनी मागितला नव्हता.

सोळाला सकाळी नाक्यावर मांडव, लाऊडस्पीकर, शाळेची मुलं रांगेत. कंपनीने त्यांना यायला सांगितलं होतं, म्हणून ते वॉचमनच्या गणवेशात आले, छातीवर आपली पदकं लावून. सगळ्यांत वयस्कर सैनिक म्हणून नारळ त्यांच्या हातात देण्यात आला. ह्यांनी फोडायचा, पाहुण्यांनी पडदा ओढायचा, असा क्रम होता. फोटोवाले पुढे सरसावले.

ते नारळ हातात धरून उभे राहिले. निवेदकाने दोनदा सांगितलं. मग प्रमुख कानाशी येऊन म्हणाले, फोडा ना काका. माईक जवळच होता, त्यामुळे ह्यांचं उत्तर साऱ्या नाक्याला ऐकू गेलं.

"शेवटची होडी लागली नाय अजून."

आणि नारळ पिशवीत घालून ते पायऱ्या उतरले. धावले नाहीत, पाय आपटले नाहीत. शिफ्ट संपल्यावर माणूस जसा जातो तसे रस्ता ओलांडून गेले. दुसरा नारळ कोणी आणलाच नव्हता. पाहुण्यांनी तसाच पडदा ओढला. फलकावर आठ नावं पांढरी, आणि नवव्या ओळीच्या जागी गुळगुळीत काळी पट्टी. पाहुणे वाकून बघत म्हणाले, इथे काय होतं? समितीतल्या कोणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, मी टाळ्या वाजवत राहिले.

नंतर कळलं, आदल्या दिवशी भरदुपारी ते स्टूल घेऊन फलकापाशी गेले होते, पडदा उचलून काम केलं आणि समोरच्या टपरीवर चहा पिऊन आले. गणवेशातल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सतरा. त्यांनी मला विचारलं, लाडक्याच्या पाड्यावर जातो, येता काय. मी माझ्याही रजेचा अर्ज भरला. कारणात खुलना लिहिलं आणि स्वतःच मंजूर केलं.

एसटीने गेलो, मग चाललो. त्यांच्या पिशवीत सुके बोंबील होते आणि कालचा नारळ. पाड्यावर लाडक्याची बहीण अंगणात वाट बघत होती. भाऊ गेला तेव्हा ती दहा-बारा वर्षांची होती, आता केस पांढरे. नागली काढून झाली की त्या पाड्यावरचे लोक वीटभट्टीवर निघून जातात. शेजारची घरं बंद होती. हिचं घर उघडं होतं, कारण ही दरवर्षी मुकादमाला सांगायची की सतराला माझा भाऊ येतो, मी अठराला निघेन. मुकादम दरवर्षी बडबडायचा आणि दरवर्षी थांबायचा.

तिने मला वर-खाली बघितलं. "तू कोण गं त्याची?"

"गेटवर एकत्र आहोत," मी म्हटलं. तिला ते पुरलं.

भाकरी झाली, बोंबील भाजले. जेवणं झाल्यावर ती ह्यांच्यासमोर बसली आणि तिने विचारलं. दरवर्षी विचारते हे मला नंतर कळलं.

"तो बसला नव्हता ना? पाण्याला भ्यायचा तो."

"नाय बाय. उभा व्हता."

"कडा धरून?"

"कडा सोडून."

ती मान हलवत राहिली. मग ह्यांनी पिशवीतून नारळ काढून तिच्यापुढे ठेवला, हा काल बोईसरला फोडायचा होता म्हणाले, मी आणला. तिने विचारलं, लाडक्याचं नाव लागलं? नाही म्हटल्यावर तिने नारळ उचलून आढ्याला टांगलेल्या शिंकाळ्यात ठेवला. "मग राहू दे," म्हणाली.

परत येताना एसटीत मी त्यांना म्हटलं, तुमचं नाव असतं तर तिथे निदान एक खरं नाव असतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी उभा राहिलो नव्हतो, म्याडम. मी वल्ही मारत व्हतो." मग जरा वेळाने, "अर्धं गाव परत आलं की गाव आलं म्हणायचं काय?"

पुढे त्यांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि ते घरी बसले. गेटवर एजन्सीची नवी माणसं आली, मशीन आलं, अंगठा लावला की नाव उमटतं. मी अधूनमधून घिवलीला जायची. ते ओट्यावर बसून अणुकेंद्राच्या बाजूने परतणाऱ्या होड्या मोजत असायचे. शेवटचं भेटलो तेव्हा आवाज खोल गेला होता. मी निघताना म्हणाले, "खांबाची भेग कशी हाय?"

"घट्ट आहे," मी म्हटलं.

"कोणाला उकरू देऊ नका."

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता ते गेले. घिवलीतली सगळी आळी स्मशानात होती, कंपनीतूनही पुष्कळ गेले. मी रडले वगैरे नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, आता डिसेंबर येणार.

आणि आलाच. समितीचे प्रमुख नोव्हेंबरात माझ्या खिडकीशी उभे राहिले. फार चांगल्या आवाजात म्हणाले की काकांना खरी श्रद्धांजली म्हणून सोळाला कार्यक्रम घेतो, कारागीर बोलावून लांबी काढतो आणि नाव पुन्हा पांढरं करतो.

मी म्हटलं, लाडक्याचं नाव लागणार आहे का? ते म्हणाले, तो विषय वेगळा.

"मग लांबी निघणार नाही."

"बाई, ते आता नाहीत. हरकत कोण घेणार?"

"मी."

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"लांबी मी दिली."

प्रमुखांनी घिवलीला जाऊन ह्यांच्या बायकोची परवानगी काढायचा प्रयत्न केला. काकी ओट्यावर मासळी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "त्यांनी बुजवलंय. उकराल तर मी येऊन बसेन तिथं." प्रमुख परत आले. सोळाचा कार्यक्रम भाषणांवर निभावला.

आमच्या प्लांटमध्ये प्रत्येक टाकीवर, प्रत्येक पंपावर स्टीलची नावपट्टी असते. कोरायचं मशीन आमचंच आहे. मेंटेनन्सचा फिटर जौनपूरकडचा, ह्यांना वीस वर्षं मेजरसाब म्हणणारा. त्याला मी मजकूर लिहून दिला आणि सांगितलं, सतराला जेवणाच्या सुट्टीत ड्रिल घेऊन नाक्यावर ये. त्याने मजकूर वाचला. "नाईकसाब का दोस्त?" म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा नाईक म्हणाला, तेही असं.

लाडक्याची बहीण सकाळच्या एसटीने आली. पिशवीत नारळ. तोच की दुसरा, मी विचारलं नाही. तीन वर्षं टांगलेला नारळ आतून सुकून खडखडतो आणि हा खडखडत होता. काकी घिवलीहून रिक्षाने आल्या. टपरीवाल्याने वीज दिली. परवानगी कोणाचीच घेतली नव्हती. फिटरने लांबीच्या पट्टीवर पाटी धरली, मी बरोबर सरळ आहे का बघितलं, त्याने चार भोकं पाडली आणि चार बोल्ट आवळले. असे आवळले की काढायचे तर फलक फोडावा लागेल.

तेवढ्यात प्रमुख मोटरसायकलवरून आले. कोणी फोन केला असेल. त्यांनी पाटी वाचली, आम्हा तिघींकडे बघितलं, फिटरच्या हातातल्या ड्रिलकडे बघितलं. म्हणाले, तारीख सतरा टाकलीत.

"हो," मी म्हटलं. "कारागिराची चूक नाही. मी तपासली आहे."

ते मोटरसायकल वळवून गेले. पाटी अजून आहे. मी येता-जाता बघते.

पाटीवर लाडक्याचं पूर्ण नाव आहे, पाड्याचं नाव आहे, खुलना आहे, तारीख आहे. ते मी इथे लिहीत नाही. वाचायचं असेल त्यांनी नाक्यावर यावं. पाटीखाली लांबी आहे आणि लांबीखाली त्यांचं नाव, जिथे त्यांनी स्वतः ठेवलं तिथे. म्हणून तेही लिहिलं नाही.

बहिणीने पाटीवरून बोट फिरवलं. तिला वाचता येत नाही. काकींनी तिला एकेक शब्द वाचून दाखवला. मग तिने फलकाच्या पायरीवर नारळ आपटला. पाणी नव्हतंच, सुकलेल्या खोबऱ्याचा सुटा गोटा बाहेर पडला. टपरीवाल्याच्या सुरीने मी त्याचे तुकडे केले आणि तिथे जे कोणी होते त्यांना वाटले. शेवटी रिक्षाच्या रांगेत पोचले. पहिल्या रिक्षावाल्याने तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता विचारलं, "किस खुशी में, भाभी?"

"खुलना छूट गया," मी म्हटलं.

"अच्छा? कब?"

"आज."